राहीबाईचा लिलाव

शुक्रवार होता, माग बंद होते, म्हणूनच राहीबाईचा आवाज कामतघरच्या त्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेला. एरवी तिथे मागांचा खडखडाट असा, की शेजारच्या घरी बाळ जन्मलं तर ते रांगायला लागल्यावरच कळावं. पण शुक्रवारी सगळी भिवंडी श्वास रोखून बसते... आणि त्या रोखलेल्या श्वासात, चैत्र सरत आलेल्या रणरणत्या दुपारी, दोन भावांच्या अंगणामधल्या गुडघाभर उंचीच्या भिंतीवर पाट आडवा टाकून, त्या पाटावर उभी राहून, साठी कधीच ओलांडलेली ती बाई हातातलं मुसळ विटांवर आपटत म्हणाली,

"या, बोली लावा. राहीबाई हिरामण तरे. गुडघे दुखरे, डोळे शाबूत, जीभ तिखट. घेतली की कायमची घ्यावी लागंल, महिन्याच्या कराराने न्हाय. बोला, कोण बोलतो?"

उजवीकडच्या घरातून थोरला भाऊ दौलत भाताचा हात तसाच घेऊन बाहेर आला. डावीकडच्या घरातून धाकटा केसरीनाथ आला, अर्ध्या गालाला दाढीचा साबण. दोघांनी एकमेकांच्या डोक्यावरच्या आकाशाकडे पाहिलं, कारण वाटणी झाल्यापासून ते एकमेकांकडे एवढंच पाहत आले होते.

"बाय, खाली उतर. लोक बघतात," दौलत म्हणाला.

"बघू दे. लिलावाला गर्दी लागतेच."

"बाय, तुला ऊन लागलंय," केसरीनाथ म्हणाला.

"ऊन दोन्ही घरांना सारखंच लागतंय. तेवढंच एक वाटून घ्यायचं राहिलंय तुमचं."

गल्लीत हसू फुटलं. राहीबाई मात्र हसत नव्हती. ज्या बहिणीने या दोघांना कडेवर वागवलं, यांच्या तापाच्या रात्री उशाशी बसून काढल्या, तिने आज आपलंच हाड-मांस पाटावर मांडलं होतं... आणि ज्या शब्दाने तिच्या घराचे दोन तुकडे केले होते, त्याच शब्दाला तिने आज कामाला लावलं होतं.

लिलाव हा शब्द तिला बापाकडून मिळाला. दोन्ही भावांना बापाची जमीन मिळाली, तिला बापाचा आवाज आणि हा शब्द. हिरामण तरे गावदेवीच्या जत्रेत लिलाव पुकारायचा. देवीला वाहिलेले नारळ, ओटीच्या साड्या, भोपळे, कोंबडे, सगळं संध्याकाळी देवळापुढे मांडायचं आणि हिरामणने पुकारायचं. तो इकडे "तीन वार" म्हणाला की काल्हेरच्या खाडीवर चरणाऱ्या म्हशी माना वर करायच्या, असं म्हणतात. म्हशींना कुणी विचारलेलं नाही, पण हिरामणनेही कधी नाकारलेलं नाही. त्याचं तर म्हणणं असं, की त्याच्या खापरपणजोबाने वसईच्या एका फिरंग्याला तांबडा कोंबडा देऊन हा शब्दच विकत घेतला होता, त्याआधी या मुलखात एक वस्तू दोन माणसांना एकाच वेळी कशी दाखवायची हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेतले मास्तर म्हणायचे, शब्द फिरंग्यांकडूनच समुद्रावरून आला हे खरं. कोंबड्याविषयी मात्र त्यांच्याकडे माहिती नव्हती.

हिरामणचे नियम कडक. देवीपुढे बोललेली बोली मागे घ्यायची नाही. पुकारणाऱ्याने तीनदा पुकारून मुसळ आपटलं की देवालाही तो सौदा फिरवता येत नाही. आणि बोली लावणारे आपसात मिळाले, एकमेकांना सांभाळून घेऊ लागले, असं दिसलं की पुकारणाऱ्याने मुसळ खाली ठेवायचं; तो लिलाव मोडला, वस्तू जिची होती तिच्याकडे परत. लहानगी राहीबाई बापाच्या पायाशी बसून हे सगळं डोळे विस्फारून ऐकायची आणि घरी येऊन चिंचोक्यांचा लिलाव मांडायची.

पण तिचं बालपण चिंचोक्यांवर फार दिवस चाललं नाही. आई गेली तेव्हा दौलत धुळीत खेळायच्या वयाचा होता आणि केसरीनाथ पाळण्यात. बाप वर्षातून एक संध्याकाळ देवीपुढे पुकारायचा आणि उरलेलं वर्ष त्या संध्याकाळच्या गोष्टी सांगायचा. मग खाडीतली होडी राहीबाईने हातात घेतली. भाजी, गवत, कधी माणसं, असं काल्हेरहून पलीकडे न्यायचं, भरतीला जायचं, ओहोटीला यायचं. हातांना घट्टे पडले. एक स्थळ आलं, मुलगा चांगला होता, थांबायला तयार होता. "भाऊ हाताशी आले की येते," ती म्हणाली. तो बिचारा थांबला, मग थोडा आणखी थांबला, मग त्याच्या आईने त्याला थांबू दिलं नाही... राहीबाईने तो विषय खाडीत सोडून दिला आणि वल्हं उचललं.

भाऊ हाताशी आले. माग घातले, बायका आल्या. थोरल्याची तुळजा, धाकट्याची विनिता. मग वडपे गावातली बापाची जमीन गोदामं बांधणाऱ्यांनी घेतली, घरात पैसा आला, आणि पैशामागून वाटणीही आली. जे कापून दोन करता येत होतं ते कापलं. जे कापता येत नव्हतं, समई, जातं, तांब्याचा हंडा, त्याचा भावाभावांतच लिलाव करायचा ठरला. पुकारणार कोण? जिला वाटा नाही ती. राहीबाईला पाटावर उभं केलं.

सगळं नीट पार पडलं आणि शेवटी निघाली ती जुनी होडी. दोघांपैकी एकालाही वल्हं धरता येत नव्हतं. एकाला पाण्याची भीती, दुसऱ्याला होडीत मळमळायचं. तरी दोघे असे पेटले, की एकाच्या कपाळाची शीर दुसऱ्याच्या कपाळाच्या शिरेशी बोली लावत होती. पैशांवर भागेना, तेव्हा केसरीनाथ म्हणाला, "माझ्या वाट्यातला एक माग." दौलत म्हणाला, "दोन." केसरीनाथ म्हणाला, "तीन." मग दौलतने तोंड उघडलं... आणि त्याच क्षणी राहीबाईने "एक वार दोन वार तीन वार" एका दमात म्हणून मुसळ आपटलं. दौलतचं तोंड उघडंच राहिलं.

झालं. होडी केसरीनाथची, त्याचे तीन माग दौलतचे. आणि इथेच या घराची खरी गंमत आणि खरी शोकांतिका सुरू झाली. दौलत म्हणू लागला, बायनं धाकट्याची बाजू घेतली, मला बोलू दिलं न्हाय. तीन चालते माग आयते मिळूनही त्याला लुबाडल्यासारखं वाटत होतं. केसरीनाथच्या घरी विनिता म्हणू लागली, "वन्सं थोरल्यांच्याच. कुजकी होडी आमच्या गळ्यात घातली आणि माग तिकडे पाठवले." दोघांनाही पटलं, की बायनं आपल्याला फसवलं. भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. राहीबाईच्या तोंडावर कुणी आरोप केला नाही, फक्त तिची पाळी लावली. एक अमावास्या ते दुसरी अमावास्या थोरल्याकडे, मग धाकट्याकडे. अमावास्येला ती कपड्यांचं गाठोडं उचलून भिंत ओलांडायची. आणि ज्याची पाळी त्याच्याच घरचं पाणी. एकदा दौलतच्या पाळीत तिने धाकट्याकडचा आमरस चाटून पाहिला, तर दौलत आंबा म्हणून जे काही असतं त्याच्याशी तो सगळा उन्हाळा बोलला नाही.

त्या दिवशी मुसळ इतक्या घाईने का आपटलं, हे राहीबाईने कुणाला सांगितलं नाही. पाणी तोंडाशी आलं तरी सांगायचं नाही, असं तिने मनाशी बांधून घेतलं होतं.

पण तेव्हापासून तिला त्या शब्दाचं विलक्षण कुतूहल लागलं. माणसांना नेमकं काय होतं तो शब्द ऐकला की? ती भेटेल त्याला विचारायची. बाजारात मासळी विकणारी जानकीबाई म्हणाली, "अगो, बंदरावर पहाटे लिलाव होतो. माशाचा डोळा पांढरा पडायच्या आत भाव फुटला पाहिजे. उशीर झाला की तोच मासा फुकट." समोरच्या कारखान्यातला मागवाला म्हणाला, "नीलामी, मौसी? जब सेठ का लूम बैंकवाले उठा ले जाते हैं. हम खड़े देखते हैं, जिस लूम पे बारा साल काम किया वो टेंपो में चढ़ रहा है." विनिता दोन मुलींच्या भांडणावर ओरडायची, "काय लिलाव मांडलाय घरात?" आणि चुगलखोर शेजारणीला दौलत म्हणायचा, "आमच्या अब्रूचा लिलाव नका करू चव्हाट्यावर." राहीबाई हे सगळं मनात वाळत घालायची. देवीचे नारळ, मेलेला मासा, जप्त झालेला माग, अब्रू... म्हणजे ज्याला कुणी धनी उरत नाही, त्याचाच लिलाव होतो. तिचा असा ठाम निष्कर्ष झाला होता.

तो निष्कर्ष त्या शुक्रवारच्या आधीच्या माघात टीव्हीने मोडला. राहीबाई तेव्हा दौलतकडे होती. दौलतची मुलगी रुचिका बातम्या बघत होती, आणि बातम्यांत कोट घातलेली माणसं चक्क क्रिकेट खेळणाऱ्यांचा लिलाव करत होती.

"माणसांचा?" राहीबाई जवळ सरकली.

"हो आत्या, खेळाडूंचा."

"त्यांनी काय गुन्हा केला?"

"गुन्हा कसला. ज्याला जास्त बोली, त्याचा मान मोठा. ते खूश आहेत बघ."

राहीबाई कितीतरी वेळ पडद्याला नाक लावून बसली. विकला जाणारा हसतोय, हे तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. "आणि कुणीच बोलला न्हाय तर?"

"तर तो घरी जातो."

"कुणाच्या?"

रुचिकाला या प्रश्नाचं हसू आलं. "स्वतःच्या, आत्या. अजून कुणाच्या?"

राहीबाईने मान हलवली, पण ते उत्तर तिच्या काळजात कुठेतरी काट्यासारखं राहिलं.

मग रुचिकाचं लग्न ठरलं. वैशाखात. आणि वैशाखाची पाळी धाकट्याची.

तऱ्यांच्या घरची रीत अशी, की मांडवाची पहिली मेढ मुलीच्या काकाने रोवायची आणि पहिली हळद आत्याने लावायची. दौलत म्हणाला, "मेढ मामा रोवील. पण बाय हवी. तिकडच्यानं पाठवावी, मी मागायला जाणार न्हाय." केसरीनाथ म्हणाला, "पाळी माझी हाय. मागितली तर पाठवीन. मागायला तोंड हाय ना त्याला?" दोघेही हे राहीबाईलाच सांगत होते, तिच्याच मार्फत, तिच्याच विषयी, आणि राहीबाई भिंतीच्या या बाजूचा निरोप त्या बाजूला पोचवत होती, जणू दुसऱ्याच कुठल्यातरी बाईबद्दल बोलणं चाललंय. रुचिका एका दुपारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "आत्या, तू नसलीस तर मी हळदीला बसणारच नाही. आणि काका नसला तर मांडव कसला... मंडपवाल्याचा तंबू."

त्या मुलीच्या केसांतून हात फिरवताना राहीबाईला वाटलं, आपण जन्मभर या दोघांना पलीकडे नेलं-आणलं, आणि आज ही गुडघाभर भिंत आपल्याला ओलांडवत नाही. त्या शुक्रवारी तिने जेवणं वाढली, मुसळ उचललं आणि पाट भिंतीवर टाकला.

तर ती अशी उन्हात उभी होती. दौलत आणि केसरीनाथ आकाश बघत होते.

"बोली लागत न्हाय?" राहीबाईने गल्लीकडे तोंड केलं. "मग मी बाहेरच्यांना विचारते. जानकीबाई, तू घेतेस?"

जानकीबाई टोपली उतरवून उभीच होती. "घेते गो. मासे साफ करायला बाय पाहिजेच मना."

हे मात्र दौलतला लागलं. तो भाताचा हात धोतराला पुसत म्हणाला, "माझ्याकडून पुढची खोली. नवा पंखा लावून."

"पुढची खोली, पंखा. एक वार."

"तिला सांगा," केसरीनाथ कुणाच्याच तोंडाकडे न बघता म्हणाला, "माझ्याकडं खोलीला लागूनच संडास बांधीन. गुडघे दुखतात तिचे, खाली बसायला नको. खुर्चीसारखा."

गल्लीतून कौतुकाचा आवाज उठला. खुर्चीसारखा संडास त्या गल्लीत तोवर कुणाकडेच नव्हता. दौलत चिडला. "रोज ताजी मासळी." "पंधरा दिवसांनी वज्रेश्वरीला, कुंडाच्या गरम पाण्यात, माझ्या गाडीनं." "खोलीत स्वतंत्र टीव्ही." "मोठा टीव्ही." "मोठा टीव्ही आणि दुसऱ्या कुणी च्यानल बदलायचं न्हाय."

राहीबाई प्रत्येक बोली ऐकून मान हलवत होती, पण तिचं काळीज आतल्या आत विरघळून कडू होत चाललं होतं. हेच ते आवाज. हाच तो चढ. त्या दिवशी होडीसाठी असेच चढले होते. आजही त्यांना बहीण नको होती, दुसऱ्याला मिळू द्यायची नव्हती.

"टीव्हीवर थांबले," ती म्हणाली. आवाज ओला झाला, पण पुकारा तसाच खणखणीत ठेवला. "मोठा टीव्ही, दौलतची बोली. एक वार... दोन वार..."

"थांबा."

बोलली होती तुळजा, दौलतची बायको. पदर डोक्यावरून ओढून ती उंबऱ्यात उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती अंगणात कधी मोठ्याने बोलली नव्हती. "वन्सं, मला बोली लावायची हाय."

"तू गप. बायकांनी बोलायचं न्हाय," दौलत म्हणाला.

"पुकारते कोण? बाईच ना?" राहीबाई म्हणाली. पण मग तिने तुळजाचा चेहरा पाहिला. "तुळजा, नको. आत जा."

"न्हाय जाणार. सहा वर्षं आतच हाय मी." तुळजा पायऱ्या उतरून उन्हात आली. "माझ्याकडं द्यायला खोली न्हाय का टीव्ही न्हाय. माझी बोली एवढीच, की आज खरं बोलते. त्या दिवशी होडीच्या वेळी यांनी तोंड उघडलं तेव्हा हे काय बोलणार होते, मना ठाऊक होतं. आदल्या दिवसापासून घोकत होते. राहतं घर बोलणार होते. रुची तेव्हा शाळेत. मी दाराआडून वन्संकडे बघितलं आणि असे हात जोडले..." तिने हात जोडले, आणि ते पुन्हा सुटेनात. "वन्संनी माझ्याकडं बघितलं आणि मुसळ आपटलं. माझं घर वाचवलं त्यांनी. आणि तुम्हाला समजलं असतं, की तुमच्या बायकोनं तुमची बोली मोडली, तर तुम्ही मना माहेरी पाठवली असती. म्हणून त्या गप्प बसल्या. तुमचा राग सोसला. धाकट्यांचाही सोसला."

गल्ली एक पाऊल पुढे सरकली.

दौलत भिंतीला टेकला. त्याचा चेहरा असा झाला होता, की पाहणाऱ्याने नजर वळवावी. "बाय... मी तुझ्या ताटात वाढताना हात आखडला असेन कधी..."

"आखडलास," राहीबाई म्हणाली. "पण तुळजा मागून वाढायची."

"मना सांगायचंस ना."

"सांगून काय केलं असतंस? होडीसाठी घर बोलायला निघालेला माणूस तू. त्या कुजक्या फळ्यांचं तुला काय एवढं?"

दौलत खाली बघत पुटपुटला, "ती तुझी होडी. तीत बसून तू आम्हाला... ती याच्याकडं गेली की हा बंबात जाळील, असं वाटलं."

"मी?" केसरीनाथचा साबण गालावर सुकून गेला होता. "मी जाळीन? तीन माग कशापायी दिले मग? ती विकून तू त्या पैशानं टेंपो घेशील, म्हणून घेतली. बाय म्हातारी झाली की तिच्या दारात ठेवायची, असं..." विनिता मागे उभी होती; तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

राहीबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणावं की हसू, हे गल्लीत आजही ठरलेलं नाही.

"म्हणजे तुम्ही दोघं माझ्या मायेपोटी भांडलात," ती सावकाश म्हणाली, "आणि मना महिन्यावारी ठेवलीत. अरे, मना कुणी विचारलं? मना ती होडी डोळ्यांपुढं नको होती. त्या वल्ह्यानं माझ्या हाताची साल गेली, त्या होडीत बसून माझं लगीन गेलं. वाटणीच्या दिवशी कुणी म्हणालं असतं, बाय, हिचं काय करू, तर मी सांगितलं असतं, चुलीत घाल."

आणि मग साठीच्या पुढची ती बाई, जिने भरतीच्या पाण्यात कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, पाटावर उभ्या उभ्या रडली. आवाज न करता, मुसळाला धरून. दोन्ही भावांचे पाय एकदमच उचलले गेले, आणि भिंतीपाशी येऊन दोघे एकमेकांसमोर थांबले, आणि आता आकाशाकडे बघायला जागाच उरली नाही.

दौलतला सहा वर्षांत न वापरलेला शब्द सापडायला वेळ लागला.

"केसरी."

केसरीनाथने मान वर केली.

"रुचीची मेढ... मामाला जमायचं न्हाय. त्याचा खांदा उतरलाय."

"कधी उतरला?"

"उतरला असंल. तू येशील का?"

केसरीनाथ गालावरचा साबण खरवडू लागला. मग म्हणाला, "मेढ नीट सरळ लागते का बघायला कुणीतरी जाणता पाहिजेच. तू लावलीस तर मांडव खाडीकडं कलायचा."

"बोल की सरळ. येतो म्हण."

"येतो. आणि बायची बोली... दोघांची मिळून लाव. खोली तुझी, संडास माझा."

गल्लीत कुणीतरी टाळी वाजवली. पण राहीबाईने डोळे पुसले, मुसळ उचललं, दोघांकडे पाहिलं आणि ते आपटायच्या ऐवजी हळूच भिंतीवर आडवं ठेवलं.

"लिलाव मोडला," ती म्हणाली.

"मोडला? का?" दौलत घाबरला.

"बोलणारे आपसात मिळाले. बाबांचा नियम. आता वस्तू विकता येत न्हाय, जिची तिच्याकडं परत." तिने एक पाय सावकाश खाली सोडला. दोन्ही बाजूंनी हात पुढे आले. तिने एकाचाही धरला नाही, भिंतीलाच धरून उतरली. "मी माझी झाले. पाळी-बिळी संपली. आजपासून मला वाटंल तिथं जेवीन, वाटंल तिथं झोपीन. दोन्हीकडं माझं ताट मांडून ठेवायचं. मी आले न्हाय तर झाकून ठेवायचं. आणि मी कुठं हाय हे मना विचारायचं न्हाय, एकमेकांना विचारायचं."

जानकीबाई टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "माझी बोली फुकटच गेली म्हणायची," आणि पुढच्या घराला मासे विचारायला निघून गेली.

वैशाखात मांडव उभा राहिला. मेढ केसरीनाथने रोवली, दौलतने तीनदा सरळ केली, केसरीनाथने तीनदा पूर्ववत केली. हळदीच्या सकाळी गल्लीभर मसाल्याचा आणि मोगऱ्याचा वास, धवलारीण धवळे, लग्नाची गाणी, म्हणायला बसलेली, रुचिका पाटावर, हळदीची वाटी तयार... आणि आत्याचा पत्ता नाही.

आत्या दौलतच्या आतल्या खोलीत दार लावून बसली होती. नवी हिरवी साडी नेसून झाली होती, पण तिच्यावरचं पोलकं सापडत नव्हतं. पूर्वी तिचं सगळं एका गाठोड्यात असायचं, डोळे मिटून हात घातला तरी हवं ते लागायचं. आता तिचे कपडे दोन घरांतल्या चार खुंट्यांवर, कपाटांवर, दोऱ्यांवर, कुठे काय हे तिलाही ठाऊक नव्हतं.

बाहेर दौलत ओरडत होता, "केसरी, तुझ्याकडंच हाय ते. काल ती तुझ्याकडं आंघोळ करून आली."

"माझ्याकडं बघून झालं. तुझ्या बायकोनं इस्त्रीला दिलं असंल."

"तुझ्या घरात वस्तू गेली की सापडते कधी? माझी पहारही तिकडंच हाय."

"पहार माझी हाय."

"तुझी? वाटणीत माझ्याकडं आली."

"वाटणी काढू नको आता, मुहूर्त चाललाय."

खोलीत राहीबाई पलंगावर टेकली, तर हाताखाली काहीतरी लागलं. उशीखाली पोलकं होतं, घडी घातलेलं. काल तिनेच सुरकुत्या पडू नयेत म्हणून ठेवलेलं. तिने ते मांडीवर घेतलं. बाहेर दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, एकमेकांचं नाव घेत होते, एकमेकांच्या बालपणीच्या चोऱ्या बाहेर काढत होते.

"बाय, मिळालं का गं?" दोघांनी एकदम दाराशी येऊन विचारलं.

राहीबाईने पोलकं पुन्हा उशीखाली सरकवलं, दाराला कान लावला आणि म्हणाली,

"न्हाय रे. अजून जरा शोधा."